दुसरा परिच्छेद

प्रिय भिंगरी,

सही मिळणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे रागानं पत्र अर्ध्यात फेकून दिलंस तरी एवढं तरी तुला कळेल. शनिवारी दुपारी बाराच्या आत तुझा कॉलेजचा अर्ज जायला हवा. त्यासोबतच्या निवेदनाखाली एक चौकट आहे, आणि निवेदनात घरातल्या ज्या माणसाबद्दल लिहिलं असेल त्यानं 'मजकूर खरा आहे' म्हणून त्या चौकटीत सही करायची आहे. चौकट रिकामी राहिली तर अर्ज परत. हे सगळं मला माहीत आहे. तुझ्या बापानं तीन दिवसांत तीनदा फोन करून सांगितलं, आणि दर वेळी असं सावकाश, शब्द तोडून तोडून, जणू मी बालवाडीतला पोर आहे. माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले.

आज गुरुवार. रविवारी जेवताना मी ताट ढकललं, पेला तुझ्या त्या कागदावर आडवा झाला आणि मी पिशवी उचलून तुझ्या आतेआजीकडे निघून आलो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिथंच राहिल्या, त्या कुठं आहेत ते कुणी पाहिलं का? ताईनं दारातच विचारलं, 'कपडे आणलेस?' मी म्हटलं, हो. 'गोळ्या?' मी चपला काढायला वाकलो. 'म्हणजे भांडून आलायस,' असं म्हणून ती पुन्हा शिलाई मशीनवर बसली. एकोणऐंशी वर्षांची आहे, अजून लोकांचे कपडे शिवते आणि अजून मला आठ वर्षांचा समजते. हे पत्र मी तिच्या कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहितोय. तीन कागद फाडून झाले. 'एवढ्यात माझं एक झबलं कापून झालं असतं,' असं ती आत्ताच म्हणाली. डाकेनं पाठवत नाही, शनिवारपर्यंत पोचेल याची खात्री कुणी द्यायची? तुमच्या खालच्या मजल्यावरची नर्स तिचे कपडे न्यायला आज येणार आहे, तिच्या हाती देतो. पाकिटाचा डिंक वाळलेला निघाला, सगळं मेलं असंच मिळतं आजकाल. चिकटलं नाही तर वरून दोन टाके घालून घेईन. पण तुझ्या हातीच पडलं पाहिजे, बापाच्या नाही.

आधी तुझ्या त्या निवेदनवाल्या सरांबद्दल बोलतो, नाहीतर छातीत साचून राहील. वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरची ती खोली. तू मला सोबत नेलं होतंस, आठवतं? जिना चढून माझा जीव गेला म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि दार अर्धं उघडं होतं. सगळं ऐकू आलं मला. चष्मा डोक्यावर चढवलेला माणूस मला कधीच भरवशाचा वाटला नाही. डोळ्यांवर लावायचा नसेल तर घेतलास कशाला? त्यानं तुझा पहिला कागद वाचला, जो तू एकटीनं लिहिला होतास, आणि म्हणाला, 'छान आहे. पण यात रडू कुठं येतं?' मग विचारायला लागला, 'घरात कुणी गेलंय का अलीकडे? कुणाचा मोठा आजार? बाबांची नोकरी वगैरे गेली होती का मध्ये?' न्हावी विचारतो ना, बाजूचे बारीक करू का, तसा. तू म्हणालीस, 'नाही सर, सगळे बरे आहेत.' तेव्हा त्यानं जो सुस्कारा सोडला तो मला बाहेर ऐकू आला. जणू सगळे बरे आहेत हा आमचाच गुन्हा! मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि, 'ते बाहेर बसलेत ते कोण? त्यांच्या हाताला काय झालंय?' मी हात खिशात घातला, पण तोवर त्यानं पाहिलं होतं. त्याचा आवाज लगेच गोड झाला. 'हे आधी का नाही सांगितलंस? फक्त दुसरा परिच्छेद जरा नीट करूया.'

त्यानं नीट केलेला कागद तू रविवारी मला दिलास. 'आजोबा, तुमच्यावर लिहिलंय,' म्हणालीस, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मला वाचायला वेळ लागतो, पण मी एकेक अक्षर वाचतो. 'माझे निरक्षर आजोबा.' निरक्षर! सातवी पास आहे मी, आणि पुढं शिकलो नाही ते घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं म्हणून, डोकं नव्हतं म्हणून नाही. 'एका अंधाऱ्या खोलीत आम्ही चौघं.' दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे आपलं, आणि तुझ्या बापानं लावलेल्या त्या पांढऱ्या दिव्यांनी माझे डोळे दिपतात म्हणून मीच रोज कुरकुर करतो. 'आजोबांच्या थरथरत्या बोटांना धरून मी पहिलं पाऊल टाकलं.' कुठल्या बोटांना, बाई? जी आहेत ती थरथरत नाहीत, जी नाहीत ती थरथरतील कशी? आणि पहिलं पाऊल तू टाकलंस ते कचऱ्याच्या डब्याला धरून, आणि डब्यासकट पडलीस. आम्ही सगळे हसलो होतो. ते लिहिलं असतंस तर वाचणाराही हसला असता, पण तुमच्या सरांना रडू हवं होतं.

काल तुझ्या बापाचा तिसरा फोन आला. 'बाबा, अहो सगळेच थोडं मीठमसाला लावतात. एक सही आहे, तुमचं काय जातं?' मी म्हटलं, मग माझ्यावरचा मजकूरच काढून टाका, कुणाचा उल्लेख नाही तर कुणाची सहीही नको. तर म्हणतो, 'सर म्हणतात, दुसरा परिच्छेद काढला तर निवेदनात उरतं काय?' मी इतका ओरडलो की ताईनं मशीन थांबवलं. काय उरतं म्हणजे? पोरगी उरते ना अख्खी! ज्या पोरीला यंत्रांचं शिकायचं आहे ती उरते. तू चौदा वर्षांची असताना ताईचं हेच मशीन अडकून बसलं होतं, आठवतं? दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. तू सुट्टीतल्या तीन दुपारी इथं फरशीवर बसून ते उघडलंस, जुन्या वर्तमानपत्रावर प्रत्येक भाग मांडलास, शेजारी पेन्सिलीनं आकडे घातलेस. तिसऱ्या दिवशी मशीन चालायला लागलं. ताईनं तुझ्या तोंडात साखर घातली. पण वर्तमानपत्रावर एक बारका स्क्रू उरला होता. मी म्हटलं, अगं चालतंय ना, टाक तो डब्यात. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं तुझी आजी बघायची, आणि पुन्हा सगळं उघडायला बसलीस. चालत असलेलं मशीन! अंधार पडेपर्यंत. तो स्क्रू कुठला ते सापडल्यावरच जेवलीस. मला कॉलेजातलं कळत नाही, पण मी सत्तावीस वर्षं कंपनीच्या भांडारात बसून लोकांना सुटे भाग दिलेत आणि कारागीर कोण, नुसता हात मारणारा कोण, हे मी माणूस खिडकीशी आला की ओळखायचो. हे एवढं लिहिलं असतंस तर मी सही काय, कागद हातात धरून रस्त्यानं मिरवलो असतो.

पण तू लिहिलंस ते हे. पाठ झालंय मला. 'माझ्या आजोबांच्या उजव्या हाताची तीन बोटं एका बेफिकीर, नशेत असलेल्या सहकाऱ्यामुळे गेली. त्यानं न विचारता यंत्र सुरू केलं आणि आजोबांना रक्ताच्या थारोळ्यात सोडून तो पळून गेला. त्या दिवशी मी ठरवलं की मी इंजिनियर होणार.' त्या दिवशी तू काय ठरवलंस? त्या दिवशी तुझा बाप तीन वर्षांचा होता आणि त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती! हे हसण्यावारी नेलं असतं मी. पण त्या सहकाऱ्यावर मी हसू शकत नाही.

मी लिफ्टच्या कंपनीत होतो एवढंच तुला माहीत. लोकांना वाटतं लिफ्ट म्हणजे डबा आणि बटणं. डब्यात काही नसतं. खरं काम इमारतीच्या डोक्यावर, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. तिथं मोटर असते, मोटरला माणसाच्या छातीएवढं लोखंडी चाक, आणि चाकावरून अंगठ्याएवढे जाड चार तारेचे दोर खाली उतरतात. एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला त्याच्या तोलाची वजनं. दोरांवर जुनं ग्रीस आणि धूळ यांचा काळा मळ साचतो, तो फडक्यानं पुसून काढावा लागतो. त्याची रीत ठरलेली आहे. आधी बोर्डावरचा मोठा फ्यूज उपसायचा आणि ज्याचा हात चाकाजवळ जाणार त्यानं तो स्वतःच्या खिशात टाकायचा. जोडीदाराच्या नाही, खिडकीत नाही, स्वतःच्या. मग समोर दिसतो तेवढा दोर पुसायचा, हात बाहेर, फ्यूज लावायचा, लिफ्ट थोडी सरकवायची, पुन्हा फ्यूज खिशात. नऊ मजल्यांच्या इमारतीत यात अख्खी सकाळ जाते. घाईची माणसं काय करतात, तर लिफ्ट चालू ठेवतात आणि पळत्या दोरावर नुसतं फडकं धरतात. दहा मिनिटांत काम होतं. करू नये हे सगळ्यांना माहीत असतं.

माझा जोडीदार माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. उंच, हडकुळा, आणि उभा राहिला की भिंतीला, दाराला, कशाला तरी टेकायचाच, म्हणून सगळे त्याला टेकू म्हणायचे. साहेब एकदा ओरडले, 'अरे, भिंत पडेल!' तर हा म्हणतो, 'नाही साहेब, मी आहे म्हणून उभी आहे.' त्याच्या तोंडाला दारूचा थेंब कधी लागला नाही. दारू सोड, तो चहासुद्धा अर्धाच घ्यायचा, कारण जास्त घेतला की हात हलतो म्हणे. आणि फ्यूजच्या बाबतीत तर इतका पक्का की आम्ही त्याची टर उडवायचो. जेवायच्या सुट्टीतही त्याच्या शर्टाच्या खिशात फ्यूज फुगलेला दिसायचा. या माणसाला तू नशेत घातलंस, भिंगरी. या माणसाला तू पळवून लावलंस.

म्हणून मी रविवारी ओरडलो. 'दारू कुणी सांगितली तुला? पळून गेला हे कुणी सांगितलं?' तू रडवेली होऊन म्हणालीस, 'ते सरांनी घातलं, आजोबा. मी काढायला सांगते. पण न विचारता मशीन सुरू केलं हे तर खरंय ना? ते तुम्हीच सांगितलंत. लहानपणापासून सांगताय.' त्यावर मी ताट ढकललं. तुला वाटलं असेल म्हातारा क्षुल्लक गोष्टीवरून बिथरला. तुझ्या आईला वाटलं माझी गोळी चुकली.

ताईला काही सांगावं लागलं नाही. सोमवारी सकाळी मी तुझ्या नावानं तणतणत होतो, हल्लीची पोरं, हल्लीचे मास्तर, सगळं खोट्याचं राज्य. ती दोरा ओवत होती. सुईवरून नजर न काढता म्हणाली, 'पोरीवर कशाला भुंकतोस? तिनं वाढलं फक्त. शिजवलं कुणी होतं?' मी म्हटलं, तुला काय माहीत? ती म्हणाली, 'दवाखान्यात तुझ्या उशाशी कोण होतं? तुझी बायको घरी तापलेल्या पोराला घेऊन बसली होती. तुझे साहेब आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या भरायला गेले होते, बहिरी व्हायला नाही.' त्रेचाळीस वर्षं ही बाई गप्प बसली! मला तिचाच राग आला आधी. तेव्हाच का नाही बोललीस म्हणून मी तिच्यावर डाफरलो. तर म्हणते, 'तू धाकटा होतास आणि तुझ्या हाताला पट्टी होती. आता तू म्हातारा आहेस आणि पट्टी सुटली.'

तर ऐक. त्या दिवशी मला घाई होती. कशाची, ते आता आठवतही नाही, हीच तर लाजेची गोष्ट. बहुतेक लवकर सुटून चपलांची जोडी घ्यायला जायचं होतं. आम्ही दोघंही मशीनच्या खोलीत होतो, तो बोर्डाशी, मी चाकाशी. मी म्हटलं, चालू ठेव, मी फडकं धरतो. तो म्हणाला, 'नाही दादा, फ्यूज काढा, खिशात टाका.' मी म्हटलं, अरे, सकाळ जाईल यात. तो म्हणाला, 'जाऊ दे की. लिफ्टला कुठं लग्नाला जायचंय?' मी चिडलो. मी वरचा कामगार, तो माझ्या हाताखाली. 'भित्रा आहेस. घरी जाऊन भांडी घास,' असं म्हणालो मी. माझेच शब्द आहेत, त्याचे नाहीत. तो म्हणाला, 'हात लांब ठेवा मग.' मी म्हटलं, तू चालव रे. त्यानं चालवली. दोर पळायला लागले, मी फडकं धरलं, फडक्याचा एक धागा तारेत अडकला, आणि पुढचं सांगत नाही. फडकं सोडून द्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ नसतो तो. त्यानं वीज तोडली, अंगातला शर्ट काढून माझा हात बांधला. लिफ्ट तर बंद, मग मला पाठीवर घेऊन नऊ मजले उतरला. जिन्यात दर मजल्यावर मोठ्यानं आकडा म्हणत होता, मी शुद्धीवर राहावं म्हणून. तुझ्या कागदात जो पळून जातो, तो हा.

तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात आले. सोबत एक कारकून, त्याच्या हातात टाइप केलेला कागद. साहेब वाईट माणूस नव्हता, हे लिहायला मला जड जातंय, पण नव्हता. माझ्या मुलाची चौकशी केली, फळं आणली. मग म्हणाले, 'तू काही सांगायच्या आधी ऐक. नियम तू मोडलास असं निघालं तर मी तुला ठेवू शकत नाही. आणि या हातानं तुला दुसरं कोण ठेवील? चूक तर कुणाची तरी दाखवावी लागेल. तो तरुण आहे, धडधाकट आहे, कुठंही लागेल.' मी म्हटलं, पण फ्यूज तर मीच काढू दिला नाही… ते म्हणाले, 'तुझा जबाब मी नीट करून आणलाय. एकच वाक्य बदललंय.' बदललेलं वाक्य असं होतं, की फ्यूज मी काढून बाजूला ठेवला होता आणि जोडीदारानं न विचारता तो लावून यंत्र सुरू केलं. उजवा हात बांधलेला. साहेब म्हणाले, अंगठा चालेल. मला त्या अवस्थेतही अपमान वाटला बघ. मी म्हटलं, मला लिहिता येतं. आणि डाव्या हातानं, जिभेचं टोक बाहेर काढून, पहिलीतल्या पोरासारखी सही केली. डाव्या हातानं आयुष्यात लिहिलेला पहिला शब्द म्हणजे त्या कागदाखालचं माझं नाव. टेकू तेव्हा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता. तीन दिवस रोज येत होता, आणि नर्सला विचारायचा, 'बोटं परत बसवतात का हो?'

चौकशीत त्याला माझा जबाब वाचून दाखवला. कारकुनानं मला नंतर सांगितलं, की तो नुसता सरळ उभा राहिला. मधोमध, कशालाही न टेकता. त्याच आठवड्यात त्याला काढलं. साहेब म्हणाले होते कुठंही लागेल. लिफ्टच्या एकाही कंपनीनं त्याला उभं केलं नाही, त्या धंद्यात बातमी माणसाच्या आधी पोचते. तो एका धुलाईच्या कारखान्यात ओल्या चादरी उचलायला लागला आणि म्हातारा होईपर्यंत तेच केलं. मला भांडारात खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवर तुझा बाप शिकला. तो शिकला म्हणून तू शिकतेस. आणि बोटांचं काय झालं असं कुणी विचारलं की मी ते बदललेलं वाक्य सांगायचो. आधी शेजाऱ्यांना, मग तुझ्या आजीला, मग तुझ्या बापाला, मग मांडीवर बसवून तुला. तुझ्या आजीनं टेकूच्या बायकोशी रस्त्यात बोलणं टाकलं होतं. एकदा तर नळावर तिच्या तोंडावर म्हणाली, 'तुमच्या माणसानं आमचं घर बुडवलं.' घरी येऊन मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो. ती गेली तीसुद्धा हेच खरं मानून. सांग आता, कुणावर चिडू मी? तुझ्या सरांवर चिडतो, कारण तो समोर आहे. चष्मा डोक्यावर आहे म्हणून चिडतो.

मला भीती वाटते, भिंगरी. तू हा कागद पाठवशील आणि तुला प्रवेश मिळेल याची. मग पुढं कुणी तुला विचारलं की तू इंजिनियर का झालीस, की तूही तेच वाक्य सांगशील, आणि सांगता सांगता तुझंही ते खरं होऊन बसेल. माझं झालं होतं ना. रविवारी तू म्हणालीस 'खरंय ना?' आणि शपथेवर सांगतो, पहिल्या क्षणाला माझ्या तोंडात 'हो'च आलं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल बुधवारी ताईनं मला टेकूच्या घरी नेलं. 'बसचे दोन स्टॉप आहेत. त्रेचाळीस वर्षांत तुला दोन स्टॉप जमले नाहीत,' असं वाटभर बडबडत. त्यानंच दार उघडलं. वाकलाय, केस गेलेत. त्यानं आधी माझा हात पाहिला आणि मग तोंड. मी उंबऱ्यावरच सगळं बोललो, फ्यूज, साहेब, सही, सगळं, तुझा कागदही. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, आणि खरं सांगायचं तर कुठंतरी असंही वाटलं होतं की तो जाऊ दे दादा म्हणेल. त्यानं दोन्ही केलं नाही. माझं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, 'हे मला काय सांगतोस? मला माहीत आहे. मी तिथं होतो. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना जाऊन सांग.' आणि दार लावलं. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही, आणि बरोबर केलं. मी येताना बसमध्ये बोटांवर मोजलं, कुणाकुणाला सांगितलं ते. बरेच जण गेले. तुझी आजी गेली. उरलेल्यांत पहिली तू. तुला काय लिहायचं ते तूच ठरव. मला वगळलंस तर माझी गरज नाही, सरांना खुशाल सुस्कारे सोडू देत. टेकूला ठेवणार असलीस तर आधी त्याच्या दारात जाऊन विचार, तुला तो कदाचित बस म्हणेल, आणि मग खरं लिहून शनिवारी सकाळी इथं ये, मी सही करतो. आता एक कर. हे पत्र तुझ्या बापाला दे, समोर बसव, आणि तो मध्येच उठायला लागला, 'बाबांचं आपलं काहीतरीच' असं म्हणायला लागला, तरी शेवटच्या ओळीपर्यंत त्याला मोठ्यानं वाचायला लाव. मला फोनवर जमलं नाही. तीन वेळा फोन आला, तिन्ही वेळा मी फक्त ओरडलो.

तुझाच, सांगायला फार उशीर केलेला,
आजोबा